भैय्या चौक ते शिजियाझुआंग

चीनहून परत येऊन महिना होत आला. या महिन्यात ओळखीच्या किमान दहा-बारा जणांनी मला एकच गोष्ट विचारली: चीनमध्ये जखमींची सेवा करत असताना तिथेच वारलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या समाधीपर्यंत एकट्या बाईला जाता येते का, आणि जायचे तर सुरुवात कुठून करायची? प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून आज, मे 2019 च्या पहिल्या आठवड्यात, हे लिहायला बसले आहे. जाता येते. मला त्यासाठी सहा महिने आणि साधारण 82 हजार रुपये लागले, आणि त्या सहा महिन्यांतले प्रत्यक्ष प्रवासाचे दिवस जेमतेम सहा होते. बाकी सगळा वेळ कागद जमवण्यात आणि वाट पाहण्यात गेला.

माझे माहेर सोलापूर. 1979 मध्ये मी तिथल्या सरकारी रुग्णालयात परिचारिका प्रशिक्षणाला लागले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच आमच्या सिस्टरांनी आम्हा मुलींकडून एका वहीत शब्द उतरवून घेतले होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर बायका तेलुगू बोलत, अक्कलकोटकडून येणारे रुग्ण कन्नड बोलत, आणि मराठी कळत असले तरी वेदनेत माणूस आपल्याच भाषेत बोलतो. ‘एक्कड नोप्पी’ आणि ‘एल्ली नोवू’, म्हणजे ‘कुठे दुखते’, ही दोन वाक्ये मला इंजेक्शन देता येण्याच्या आधी येत होती. पुढे लग्न होऊन पुण्याला आले, ऑपरेशन थिएटरमध्ये 27 वर्षे काढली आणि 31 मे 2018 रोजी निवृत्त झाले. तोवर माझ्याकडे पासपोर्टही नव्हता.

10 ऑक्टोबर 2018 रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, मी माहेरी होते. त्या दिवशी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जयंती असते, म्हणून भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी गेले. महापालिकेने या घराचे स्मारक केले असून ते 2012 पासून लोकांसाठी खुले आहे. त्यांची गोष्ट सोलापुरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते, किंवा ठाऊक आहे असे वाटत असते. जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनने डॉक्टर पाठवण्याची विनंती नेहरूंना केली, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, 22 हजार रुपयांचा निधी जमला आणि 1 सप्टेंबर 1938 रोजी ‘राजपुताना’ बोटीने पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस. चोळकर या पाचांत वयाने सर्वांत मोठे होते, आणि नागपूरबाहेर त्यांचे नावही फारसे कोणी घेत नाही, हे मला नेहमीच खटकते. कोटणीस सर्वांत जास्त लक्षात राहिले, कारण बाकीचे चौघे परतले आणि ते परतले नाहीत.

स्मारकातून बाहेर पडताना मी भाच्याला सहज म्हटले, ‘‘समाधी कुठे आहे रे त्यांची?’’ त्याने मोबाइलवर पाहून सांगितले, ‘‘मावशी, शिजियाझुआंग नावाचे गाव आहे. बीजिंगपासून रेल्वेने सव्वा तास.’’ सव्वा तास म्हणजे पुण्याहून दौंडला जाण्यासारखे झाले. मला वाटते, त्या ‘सव्वा तासा’नेच माझा निर्णय केला.

पहिली पायरी पासपोर्टची. 22 ऑक्टोबरला ऑनलाइन अर्ज भरला, 36 पानी पासपोर्टचे 1,500 रुपये भरले आणि 30 ऑक्टोबरची वेळ मिळाली. माझी अडचण नावाची होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि पॅनवर सासरच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. जन्मदाखला तर नव्हताच. माझ्या वयाच्या बहुतेक बायकांची हीच स्थिती असणार, म्हणून सांगते: नियम आता बरेच सैल झाले आहेत. जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच हवा असे नाही आणि लग्नाचा दाखलाही मागत नाहीत. निवृत्त सरकारी नोकराला पेन्शन पेमेंट ऑर्डरही चालते. मात्र पॅनचे स्पेलिंग मी आधी दुरुस्त करून घेतले, आणि तेच शहाणपणाचे ठरले, कारण पुढे विमानाचे तिकीट, व्हिसा, रेल्वे आणि हॉटेल या चारही ठिकाणी तेच अक्षर पुन्हा पुन्हा तपासले गेले. केंद्रातल्या तिन्ही खिडक्या मिळून दोन तास लागले. पोलीस पडताळणी दिवाळीत अडकली. दोनदा चौकीवर जाऊन आले, दोन्ही वेळा ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा शेजारच्या दोघांना सोबत घेऊन गेले आणि दहा मिनिटांत काम झाले. 27 नोव्हेंबरला पासपोर्ट पोस्टाने घरी आला. त्या रात्री मी तो उशाशी घेऊन झोपले, हे लिहायला थोडा संकोच वाटतो, पण खरे आहे.

त्यानंतर तीन महिने काहीच करायचे नव्हते, कारण चीनचा पर्यटक व्हिसा फार आधी काढून उपयोग नसतो. मिळाल्यापासून साधारण तीन महिन्यांत देशात प्रवेश करावा लागतो. मला 5 एप्रिलला तिथे असायचे होते. त्या दिवशी चीनमध्ये छिंगमिंग असते. पूर्वजांच्या समाध्या झाडून-पुसून त्यांवर फुले वाहण्याचा हा दिवस; आपल्या सर्वपित्रीशी त्याचे नाते लावायचा मोह होतो, पण तिथे हा वसंतातला सण आहे आणि लोक मुलाबाळांसह मोकळ्या हवेत येतात. या दिवशी कोटणीसांच्या समाधीवर फुले वाहतात, हे मी वाचले होते.

त्या तीन महिन्यांत मी वही केली. रेघी वही, वर तारीख आणि खाली शब्द: पाणी, किती, उजवीकडे, तिकीट, मी भारतीय आहे, मी मांस खात नाही. एकूण 40 शब्द आणि वाक्ये, देवनागरीत उच्चार लिहून. त्यांत सवयीने ‘नाली थंग’ही लिहिले गेले, म्हणजे ‘कुठे दुखते’. ते मला तिथे कोणाला विचारावे लागणार होते कोण जाणे!

व्हिसासाठी महाराष्ट्राचे अर्ज मुंबईत घेतले जातात. 5 मार्चला पहाटेच्या गाडीने गेले. सोबत अर्ज, पासपोर्ट, जाण्या-येण्याचे विमान तिकीट, सर्व रात्रींचे हॉटेल आरक्षण, दिवसवार कार्यक्रम, बँकेच्या शिक्क्यासह सहा महिन्यांचे खातेपत्रक, आयकर विवरणपत्र आणि पेन्शनचा कागद. फोटो तिथेच नाकारला गेला. 33 बाय 48 मिलिमीटर हे माप बरोबर होते, पार्श्वभूमी पांढरी होती, पण केसांनी कान झाकले गेले होते. तासाभराने नवा फोटो घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिले. फोटो पुण्यातच, केस मागे बांधून, चार प्रतींत काढून घ्या. मुंबईत तेच काम तिप्पट पैशांत होते.

दोन दिवसांनी फोन आला की, पर्यटक सहसा बीजिंग, शांघाय, शिआनला जातात, तुम्ही शिजियाझुआंगला दोन रात्री कशासाठी राहणार आहात, याचा खुलासा द्या. मी एक पानी पत्र लिहिले आणि भाच्याने त्यावर डॉक्टरांचे चिनी नाव त्या लिपीतल्या तीन अक्षरांत छापून दिले. 11 मार्चला ते पत्र घेऊन खिडकीशी गेले. आतल्या चिनी बाईंनी ते इंग्रजी पत्र वरवर चाळले, मग त्यांची नजर त्या तीन अक्षरांवर थांबली आणि त्यांनी स्वतःशीच वाचावे तसे उच्चारले, ‘‘के दीहुआ.’’ मग माझ्याकडे पाहून विचारले, ‘‘नातेवाईक?’’ मी म्हटले, ‘‘नाही, एका गावचे.’’ 14 मार्चला व्हिसा मिळाला. मुंबईच्या तीन खेपांसह या टप्प्याला 8,700 रुपये पडले.

त्या नावाविषयी सांगायला हवे. चीनला गेलेल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ जोडले होते, आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. पुढे कोटणीसांना मुलगा झाला, त्याचे नाव त्यांनी इनहुआ ठेवले. ‘इन’ म्हणजे भारत.

माझ्या मनात सोलापूरच्या घराच्या अंगणातली मूठभर माती न्यायची होती. सुदैवाने मी चिनी कस्टम्सची यादी आधी वाचली. माती नेण्यास सक्त मनाई आहे. मग एका जाड कार्डावर देवनागरीत ‘डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, सोलापूर’ एवढेच लिहून घेतले. युआन पुण्यातच परवानाधारक विक्रेत्याकडून घेतले, साधारण साडेदहा रुपयांना एक या दराने 4,000. रोख नेले, कारण तिथे सगळे मोबाइलने पैसे देतात आणि ती सोय तेव्हा, 2019 मध्ये, चिनी बँक खात्याशिवाय आपल्याला मिळत नव्हती. आपल्याकडच्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप चालते. हॉटेलच्या वाय-फायवर ते चालत नाही.

3 एप्रिलला बीजिंगला उतरले. दहाही बोटांचे ठसे दिले, शिक्का बसला, आणि विमानतळाच्या बसने पश्चिम रेल्वे स्थानकाजवळच्या हॉटेलात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. सणाची गर्दी लक्षात घेऊन विक्री सुरू होताच, म्हणजे महिनाभर आधी, तिकीट काढले होते, 128.5 युआन. पण तेव्हा, 2019 मध्ये, आरक्षण झाले तरी कागदी तिकीट हातात घ्यावे लागे, आणि यंत्रांना चिनी ओळखपत्र लागे, परदेशी पासपोर्ट चालत नसे. म्हणजे पुन्हा खिडकी, पुन्हा रांग, तीही सुटीच्या आदल्या दिवशी. मला 50 मिनिटे लागली.

गाडी सुटल्यावर मात्र सगळा शीण गेला. बाहेर गव्हाची हिरवी शेते सपाट पसरलेली होती आणि पश्चिमेला दूरवर डोंगरांची धूसर रेघ दिसत होती. त्याच बाजूच्या डोंगराळ मुलखात कोटणीसांनी शेवटची तीन वर्षे काढली. वुहान, तिथून चुंगकिंग, तिथून फेब्रुवारी 1939 मध्ये येनान आणि त्या वर्षाच्या अखेरीस जपानी फौजांच्या पिछाडीचा हा प्रदेश, असा त्यांचा प्रवास झाला. चुंगकिंगमध्ये असताना वडील गेल्याचे त्यांना कळले. परत फिरायला याहून मोठे कारण कोणाला लागत नाही. ते पुढे गेले.

रात्री आठच्या सुमारास शिजियाझुआंगच्या हॉटेलात पोहोचले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट पाहिला आणि मान हलवली. आरक्षणाचा कागद दाखवला, त्याने पुन्हा मान हलवली आणि एकच शब्द दोनदा म्हटला: ‘वाइबिन’. मोबाइलवरच्या भाषांतरातून उलगडा झाला की, वाइबिन म्हणजे परदेशी पाहुणा, आणि त्या हॉटेलला परदेशी पाहुणे ठेवता येत नाहीत. परदेशी माणूस उतरला की त्याची नोंद पोलिसांकडे द्यावी लागते, आणि लहान हॉटेले तेव्हा त्या भानगडीत पडत नसत. परक्या शहरात, अंधारात, बॅग धरून उभे असताना माझे पाय खरोखर लटपटले. पण त्याच मुलाने टॅक्सी बोलावली, चालकाला समजावून सांगितले आणि मला एका मोठ्या हॉटेलात पोहोचवले. 160 युआनऐवजी 380 गेले. आरक्षण करताना वाइबिन घेता का, हे चिनीत लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. हा शब्द मी त्या रात्री वहीत 41 वा म्हणून लिहिला.

5 एप्रिलला सकाळी मेट्रोने निघाले. स्थानकाकडून येणारी 3 क्रमांकाची मेट्रो शिनबाई चौकात 1 क्रमांकाच्या मेट्रोला मिळते, आणि तिथून पश्चिमेला पुढचेच स्थानक ‘लिएशी लिंगयुआन’, म्हणजे हुतात्म्यांची स्मशानभूमी. त्याच्याही पुढच्या स्थानकाचे नाव ‘शांतता रुग्णालय’ असे आहे. तेच रुग्णालय, ज्याचे कोटणीस 1941 मध्ये पहिले संचालक झाले. तेव्हा ते खेड्यांतल्या घरांमधून चालायचे. त्याला कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे नाव दिलेले आहे. बेथ्यून याच मुलखात जखमींवर शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने 12 नोव्हेंबर 1939 रोजी गेले. ज्या बाईने 27 वर्षे शस्त्रक्रियेपूर्वी हातमोजे मोजून ठेवले, तिला हे वाक्य सहज वाचून पुढे जाता येत नाही.

दाराबाहेर फुलवाल्या बसल्या होत्या आणि सगळ्यांकडे पांढरी-पिवळी शेवंती होती. आपल्याकडे वेणीत माळायचे फूल तिथे मृतांना वाहतात. दहा युआनला एक जुडी घेतली. आत प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त बॅग तपासतात. गर्दी पुष्कळ होती, पण आवाज नव्हता. गळ्यात लाल रुमाल बांधलेली शाळेची मुले रांगेने चालली होती, म्हातारे आजोबा नातवंडांना बोट दाखवून काही सांगत होते. मी वहीतले ‘के दीहुआ कुठे आहेत’ हे वाक्य एका मुलीला वाचून दाखवले. ती वैद्यकीय शाळेत शिकणारी होती आणि त्या दिवसापुरती स्वयंसेवक म्हणून आलेली होती. माझा उच्चार तिला तिसऱ्या वेळी कळला. मग ती म्हणाली, ‘‘आयी, या.’’

मी चमकलेच. नंतर तिने मोबाइलवर दाखवले की, आयी म्हणजे मावशी. अनोळखी वडीलधाऱ्या बाईला असेच म्हणतात.

समाधीपाशी डॉक्टरांचा पुतळा आहे आणि त्या दिवशी समाधीचा दगड फुलांखाली झाकून गेला होता. मी शेवंती ठेवली, कार्ड फुलांच्या कडेला टेकवले. पहारेकऱ्याने कार्ड उचलून पाहिले, मुलीला काही विचारले. तिने मला विचारले. मी ‘सोलापूर’ या शब्दावर बोट ठेवले, मग पुतळ्याकडे आणि मग स्वतःकडे. पहारेकऱ्याने कार्ड होते तिथेच, पण जरा सरळ करून ठेवले. मला रडू येईल अशी घरून निघताना खात्री होती, पण आले नाही. उलट, रुग्णाच्या खाटेजवळ उभे असताना असते तशी एक कामाची शांतता वाटत राहिली.

शेजारच्या संग्रहालयात छायाचित्रे आहेत, शस्त्रक्रियेची अवजारे आहेत. 1940 च्या मोठ्या लढाईत कोटणीसांनी 800 हून अधिक जखमींवर उपचार केले, आणि एकदा सलग 72 तास ते टेबलापाशी उभे होते, असे सांगतात. अवजारांपुढे मी बराच वेळ उभी राहिले. ती थोडीच आहेत. कोणते अवजार कोणाच्या हाती द्यायचे, हे अंधारातही सांगता येईल इतकी ओळखीची आहेत, आणि आमच्याकडे एका साध्या अपेंडिक्सच्या ट्रेमध्ये यांहून जास्त असतात.

पण मला धरून ठेवले ते पुढच्या काचेने. भारतातून चीनकडे येताना प्रवासात कोटणीसांनी लिहिलेली शब्दांची वही तिथे ठेवली आहे. काचेवर उजेड पडत होता, म्हणून मी वाकून, हाताची सावली करून पाहिले. शाई आता फिकट झाली आहे. पाने उलटता येत नाहीत, त्यामुळे त्यांनी ‘कुठे दुखते’ कोणत्या पानावर लिहिले असेल, हे मला पाहता आले नाही. लिहिले असेलच. बोटीवर बसलेला 27 वर्षांचा तरुण डॉक्टर आधी काय लिहील, हे परिचारिकेला विचारा. मी माझी रेघी वही पर्समधून काढून मुलीला दाखवली. तिने ‘नाली थंग’वर बोट ठेवले आणि माझा उच्चार दुरुस्त केला, ‘थंग’ वर चढवत म्हणायचे असते. चारदा म्हणून घेतल्यावर तिने मान डोलावली.

एका छायाचित्रात त्यांची पत्नी क्वो छिंगलान आहे. ती परिचर्या शिकवत असे. नोव्हेंबर 1941 मध्ये त्यांचे लग्न झाले, ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी एकामागून एक फिट येऊन डॉक्टर गेले. वय 32. इनहुआदेखील वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच 1967 मध्ये गेला. छिंगलान 2012 पर्यंत होत्या, 96 वर्षांच्या होऊन गेल्या, सासरच्या माणसांना भेटायला अनेकदा भारतात आल्या. कोटणीसांविषयी आपल्याकडे जेवढे बोलले जाते, त्यात या बाईच्या वाट्याला एखादेच वाक्य येते. नवऱ्यामागे तिने सत्तर वर्षे काढली आणि त्यांत मुलाचाही मृत्यू पाहिला, याचा मी त्या छायाचित्रापुढे पहिल्यांदा नीट विचार केला.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सकाळी भाच्याचा फोन आला, ‘‘मावशी, गुढी उभारली, तू काय खाल्लेस?’’ मी वाफवलेला पाव आणि सोयाबीनचे दूध घेतले होते. शाकाहारी माणसाने सोबत मेतकूट, चटणी आणि खाकरे न्यावेत. कोरडे आणि बंद पाकिटातले असेल तर त्रास होत नाही, निदान मला झाला नाही. बीजिंगमध्ये आणखी दोन रात्री राहून 8 एप्रिलला परतले. 900 युआन शिल्लक राहिले, ते तसेच ठेवले आहेत.

कारण एक जागा राहिली. कोटणीस ज्या ठिकाणी गेले ते गेगोंग गाव थांग परगण्यात आहे, आणि त्या परगण्यातही बेथ्यून व कोटणीस यांचे स्मारक आहे. सणाच्या गर्दीत तिकडची बस मला साधली नाही, आणि परगण्याच्या गावात वाइबिन ठेवणारे हॉटेलही आधी शोधून ठेवलेले नव्हते. त्या मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर गावाचे नाव चिनीत लिहून दिले आहे, खाली बाओडिंगहून कोणती बस घ्यायची तेही. माझा पासपोर्ट 2028 पर्यंत चालेल.